ओझे उतरवताना

आमच्या घरी एक संगणक आहे. ताईच्या शिक्षणासाठी बाबांनी २०१० साली हप्त्यांवर घेतलेला. ताई शिकली, नोकरीला लागली, सासरी गेली. संगणक तेवढा माझ्या वाट्याला आला. सकाळी त्याचे बटण दाबावे, चहा करावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे महाराज जागे होत!

यंदा एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होतो. आजीचे वय चौऱ्याऐंशी. "माझ्या डोळ्यांदेखत छापून दाव रं," असे ती एकदाच म्हणाली; पण ते मनातून जाईना. नेमका तेव्हाच संगणक अडून बसू लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात घाला." विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली होती, आणि विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम लागते, आमच्याकडे २! नव्या संगणकाचा विषय बाबांपुढे काढण्याचे धैर्य मला झाले नाही.

एका मित्राने लिनक्स सुचवले. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि पुढे तो सर्वांना मोकळा करून दिला. त्या गाभ्याभोवती ज्याने त्याने आपापला संसार मांडला. म्हणून लिनक्स एक, पण अवतार शेकडो! सोय अशी, की यांतले बहुतेक अवतार पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. पाहुणा चार दिवस राहावा, पटला तर ठेवून घ्यावा.

मी हलक्यात हलका पाहुणा शोधला. त्याने आपले सारे बिऱ्हाड रॅममध्येच मांडले आणि बघता बघता पडदा उजळला. मी हरखून गेलो. घाईघाईने आजीच्या ओव्यांची फाइल उघडली. पाहतो तो काय, ओळीमागून ओळी रिकाम्या चौकटी! देवनागरी टंकच नव्हता. तो मागाहून घालता आला असता, हे खरे. पण मन खट्टू झाले. हलके होण्यासाठी जे वगळले होते, त्यात आम्हीच होतो.

मग मी प्रश्नच बदलला. सर्वांत हलके कोणते, हे विचारणे सोडून माझे कोणते ओझे उतरवायचे नाही, ते आधी ठरवले. झगमगीत खिडक्या नकोत. मराठी अक्षर हवे, लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस हवे आणि देखभाल चालू हवी. शेवटी डेबियनवर मन बसले. १९९३ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेली ही जुनी, भरवशाची प्रणाली. बसवताना ती भाषा विचारते, आणि त्या यादीत मराठी होती! वर एलएक्सक्यूटी नावाचे साधेसुधे अंगण घेतले.

मित्रांनो, संगणकाला पंख फुटले असे मात्र समजू नका. ब्राउझरची पाच-सहा पाने उघडली, की हा म्हातारा अजूनही धापा टाकतो. तिथे कोणतीही हलकी प्रणाली फारसे काही करू शकत नाही. पण लिहायला बसलो, की तो मुकाट्याने साथ देतो.

परवा आजीला खुर्चीवर बसवून पडदा दाखवला. तिला अक्षरओळख नाही. पदराने हात पुसून तिने विचारले, "यात माझा विठ्ठल कुठं हाय?"

मी बोट ठेवले. 'ठ'ला 'ठ' नीट जोडलेला होता. आजीने त्या अक्षरावर हात टेकवला आणि तोच हात कपाळाला लावला.

अजून सत्तर ओव्या उतरवायच्या आहेत. आता मात्र उशीर झाला तर दोष संगणकाला देता येणार नाही!