सागाच्या रानात लोखंडी कपाट

नाकाडोंगरीला सागाचं रान, तरी लग्नाच्या आंदणात मान लोखंडी कपाटाला! गंमतच आहे. अर्देशीर गोदरेजांनी १८९७ साली मुंबईत कुलपांपासून सुरुवात केली. धाकटे भाऊ पिरोजशा सोबतीला आले, १९२३ मध्ये पोलादी कपाट निघालं, पुढे विक्रोळीत कारखाने. २०२४ मध्ये त्या घराण्यातही वाटण्या झाल्या.

आमच्या सुताराकडे वाटायला काय, करवत नि चार पटाश्या. पण आज त्याच्या ओसरीवर दिवाणाचा सांधा पाहिला. कुसू भोकात असा घट्ट बसला की फटीत कागद शिरेना. ओलं लाकूड मागाहून आकसतं, म्हणून फळ्या सावलीत कधीच्या वाळताहेत. पोराला यंत्राचा रंधा घ्यायचाय. घेऊ दे की! ओसरी तेवढी अपुरी पडेल.