मेंढरांची मोजणी

पिके निघाली की आमच्या पिंपळगाव राजाच्या शिवारात मेंढरांचे कळप उतरतात. वावराला लेंडीखत मिळावे म्हणून शेतकरी त्यांना रात्रीपुरते बसवून घेतात. एका संध्याकाळी बांधावर उभा राहून मी धनगराची मोजणी पाहत होतो. एकेक मेंढरू आत जाई आणि त्याचे बोट पुढे सरके.

"रोज कायले मोजता, दादा?" मी विचारले.

"यातली निम्मी पाव्हण्याची हायेत, गुरुजी. एक कमी भरलं त जाब मलेच द्या लागते."

तो 'जाब' माझ्याबरोबर घरी आला. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतो. मेंढरे प्रभूची, पाळक केवळ राखणदार. मोजणी देणे त्या शब्दातच आले, नाही का?

पण एका मंडळीत, गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही, मी निराळेच पाहिले. मंदिराच्या छपरासाठी वर्गणी जमली होती. पावसाळा आला, छप्पर गळतच राहिले. अंडी विकून वर्गणी देणाऱ्या एका वृद्ध विधवाबाईंनी वार्षिक सभेत हिशेब विचारला. पाळकसाहेब म्हणाले, "मी देवाला जबाबदार आहे, माणसांना नाही." सभा गप्प बसली. त्या सभेत मीही होतो, आणि मीही गप्प बसलो. पुढल्या रविवारी बाई आल्या, त्या मागच्या बाकावर बसल्या.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नव्या शिष्येने चर्चचा अधिकार मुकाट मानावा, अशी सिस्टर जेरल्डिन यांची अपेक्षा. बाईंनी पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानातील बिशपांना रुचेना. रमाबाईंनी पत्रे लिहून कारणे विचारली. त्रैक्याचे मत पटल्याखेरीज केवळ ओठांनी कबूल करायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरणे त्यांनी नाकारले. हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईहून पुस्तकरूपाने निघाला.

मौज अशी की, जाब विचारणाऱ्या बाईंना पुढे जाब द्यावाही लागला. १८८९ साली मुंबईत काढलेले त्यांचे शारदासदन पुढे पुण्याला आले. तिथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवतात, असा गवगवा झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे असे की, माझ्या प्रार्थनेचे दार उघडे असते, आत येण्याची सक्ती कोणावर नाही. हे उत्तर पुरेसे होते का, यावर आजही वाद घालता येईल. पण उत्तर दिले गेले, म्हणून तर वाद घालता येतो!

यहेज्केलाच्या ३४व्या अध्यायात देव मेंढपाळांकडूनच मेंढरांचा हिशेब मागतो. 'मी देवाला जबाबदार' म्हणणाऱ्याला त्यात सुटका नाही. उलट तिथला हिशेब अधिक कडक. मग माणसांना छपराचे पैसे सांगायला अडचण ती कसली?

यंदाच्या सभेला मी जाणार आहे. मागच्या बाकावर त्या बाईंच्या शेजारी बसेन, आणि हिशेब या वेळी मी विचारीन.