पोरांची कुवत कोण ठरवणार?

कॉम्प्युटर आणि मोबाईलवरचे खेळ म्हटले की घरातली वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. पोरांचे डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, ही तक्रार खोटी नाही. पण माझा पुतण्या फुटबॉलचा जो खेळ खेळतो तो मी त्याच्या शेजारी बसून समजून घेतला. मी बी.कॉम. झालेला कारकून, आयुष्य आकड्यांच्या रकान्यांत गेले. त्या खेळातही सगळे आकडेच आहेत, आणि त्यातला एक प्रत्येक आईबापाने समजून घ्यावा असा आहे.

खेळाचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. इंग्लंडमधल्या कंपनीचा. यात आपण चेंडू मारायचा नसतो, संघ चालवायचा असतो. प्रत्येक खेळाडूच्या नावावर दोन गुप्त आकडे असतात. एक त्याची आजची क्षमता, दुसरा तो जास्तीत जास्त कुठवर जाईल ती मर्यादा. दोन्हींचे माप १ ते २००. देशोदेशी सामने पाहणारी माणसे हे अंदाज कंपनीला कळवतात. डाव सुरू झाला की मर्यादेचा आकडा बदलत नाही. ज्याच्या नावावर १२० लिहिले, तो काही केले तरी १२१ होत नाही.

“मग ज्याच्या नावावर १८० आहे तो मोठा होणारच ना?” मी विचारले.

“तसं नाही काका. त्याला खेळवलं नाही तर तो आहे तिथंच राहतो.”

मर्यादा मोठी असून भागत नाही. कोवळ्या वयात सामने खेळायला मिळावे लागतात. बरे मैदान, चांगला शिक्षक लागतो. अंगात चिकाटी आणि शिस्त लागते. मोठी दुखापत झाली की वाढ खुंटते. यातले काही मिळाले नाही तर १८० वाला राखीव बाकावर बसून म्हातारा होतो. शिवाय, अगदी तरुण खेळाडूंची मर्यादा कंपनी कधी कधी नक्की लिहीतच नाही. अमुक ते तमुक अशी पट्टी देते, आणि नवा डाव मांडताना त्यातला कुठलाही आकडा पडतो. म्हणजे एकच पोरगा एका डावात मोठा होतो, दुसऱ्यात साधारण राहतो. आकडा लिहिणाऱ्यालाही खात्री नाही!

वाचकहो, आपल्या लोकांना हा हिशेब नवा नाही. माणसाची मर्यादा जन्मालाच लिहायची आणि त्याला मैदानात उतरूच द्यायचे नाही, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. खेळात निदान पोराला पाहून तरी आकडा लिहितात.

आणि पाहून लिहिलेलेही चुकते. इंग्लंडच्या जेमी वार्डीला १६ व्या वर्षी अंगाने लहान म्हणून क्लबने काढून टाकले. तो कारखान्यात काम करून छोट्या संघांतून खेळत राहिला. २०१२ साली, पंचविशीत, लेस्टर सिटीने त्याला घेतले. २०१६ साली तोच संघ इंग्लंडचा विजेता झाला, तो त्याच्या गोलांच्या बळावर.

इतके लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात पाहा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव. बापाबरोबर विहिरी खोदणारा हा पोरगा २०१२ साली सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याच्या हाती पहिल्यांदा नावेची वल्ही आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याने नाव वल्हवून जगात १३ वा नंबर मिळवला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेतले. विहीर खोदताना त्याच्या नावावर नौकानयनाचा आकडा कोणी लिहिला असता?

आमच्या वस्तीत संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. एका ताईने तिथे येऊन सांगितले, “भाऊ, पोराला दहावीला सत्तेचाळीस टक्के पडले. त्याच्यात काही दम नाही. सातपूरला कंत्राटावर लावून देते.”

कंपनीच्या कामात कमीपणा नाही, मीही कामगाराचाच मुलगा. पण दम नाही हे शब्द मला खटकले. एका खोलीत पाच माणसे, पहाटे पेपर टाकायचे, रात्री टीव्हीच्या आवाजात अभ्यास. मी म्हणालो, “ताई, सत्तेचाळीस हा त्याचा आजचा आकडा आहे, शेवटचा नव्हे. त्याला खेळायला सामने किती मिळाले ते तरी मोजा.” बोलणे दोन-तीन दिवस चालले. दोन वर्षांच्या कमाईवर पाणी सोडायचे म्हणजे त्या घराला सोपे नव्हते. शेवटी तिने सोडले. मुलगा आता आयटीआयला फिटरचे शिकतो. पुढे तो कुठवर जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच शिकवायचे.

मुलींचे तर आपण फार लवकर ठरवून टाकतो. घरकाम, धाकट्याला सांभाळणे, आणि वर म्हणायचे की हिला अभ्यासात गोडी नाही!

आईबापांना एवढेच सांगणे आहे. रोज दोन तास टीव्ही बंद ठेवा. मुलगा असो की मुलगी, मैदानावर जाऊ द्या. आणि चार माणसांत, पोराच्या तोंडावर, “याच्यात काही नाही” असे म्हणू नका.