उसने सूर

स्कॉटलंडच्या ‘टीनएज फॅनक्लब’चा ‘बँडवॅगनेस्क’ हा पॉवर पॉप अल्बम १९९१चा. ही ‘बिग स्टार’ची नक्कल आहे, असं तेव्हाही म्हटलं गेलं, आणि ते अगदीच खोटं नाही. गिटारींची किणकिण, एकमेकांत मिसळणारे गळे, सगळं मेम्फिसच्या त्या बँडचं. त्यांनी तरी ते बीटल्स, बर्ड्स यांच्याकडूनच उचललेलं! बिग स्टारचा पहिला अल्बम १९७२चा. समीक्षकांनी वाखाणला, पण वितरणाच्या घोळात दुकानांपर्यंत धड पोचलाच नाही. मी तो ऐकला बँडवॅगनेस्कमुळे, म्हणजे अनुवाद आधी, मूळ नंतर.

पण पहिलंच गाणं ऐका, ‘द कन्सेप्ट’. मध्येच त्याची लय संथावते, शब्द गळून पडतात. उरतात नुसते आवाज आणि त्यांवरून रेंगाळत जाणारी गिटार. हा खरखरीत, सैलसर आळस मेम्फिसच्या त्या नेटक्या अल्बममध्ये मला कुठे सापडत नाही. तो यांचा.

सध्या मी काही कन्नड कथा मराठीत आणते आहे. प्रकाशक मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव घालायला तयार नाहीत. ‘यात तुमचं असं काय आहे?’ म्हणतात. करार टेबलावर पडून आहे. सही केलेली नाही.