पानात टाकायचं नाही

पानात काही टाकायचं नाही, हा माझ्या माहेरचा नियम. पुढे ३४ वर्षं शाळेत शिकवलं, तिथेही मधल्या सुट्टीत मी तोच चालवला. डबा संपवल्याशिवाय खेळायला जायचं नाही. मुलं मला घाबरायची, डबे रिकामे व्हायचे. मला त्याचा अभिमान होता.

चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. रोज डब्यात कोरडी पोळी आणि गूळ. एकदा आईने बटाट्याची रसभाजी दिली. रस पोळीला लागला आणि पोरीने डबा बंद केला. मी तिला सुट्टीभर समोर बसवून ठेवलं. ती रडली नाही, बोलली नाही. नुसती डब्याची कडी उघडत आणि लावत राहिली. "हट्टी आहे हो तुमची मुलगी," असं मी तिच्या आईला सांगितलं.

इतक्या वर्षांनी ती आठवली, ती माझ्या नातीमुळे.

नात आता १६ वर्षांची आहे. लहानपणापासून तिचं खाणं मोजकंच. भाताला वरणाचा थेंब लागलेला चालायचा नाही. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण बदललं, तर ती बिस्किटंच बंद. वयात येताना खाणं आणखी आटलं. पोळीचे तुकडे मोजून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ताटलीत. वजन उतरत गेलं, पाळी थांबली. अॅनोरेक्सियाचं निदान झालं. आम्हाला वाटलं, बारीक दिसायचं खूळ! तिला विचारलं तर म्हणाली, "आजी, मला भूक लागलेली कळतच नाही गं. आणि तुकडे मोजले की डोकं शांत होतं."

हे बोलणं पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नीट ऐकून घेतलं. तपासण्या झाल्या आणि कळलं की नात स्वमग्न आहे. अभ्यासात हुशार, कमी बोलणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी.. आम्हाला कधी शंकाच आली नाही.

मग मी वाचायला बसले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं. त्यातल्या सहा जणांना तान्हेपणापासूनच खाण्याची मोठी अडचण होती. स्वीडनच्या गिलबर्ग यांनी १९८३ मध्येच अॅनोरेक्सिया आणि स्वमग्नता यांचं काही नातं आहे का, असा प्रश्न मांडला होता. मुलींमधली स्वमग्नता अनेकदा उशिरा लक्षात येते. काही जणींना तर आधी खाण्याचा आजार होतो आणि त्यातून तिचा पत्ता लागतो. वास, चव, स्पर्श सहन न होणं, पोटातली भूक न ओळखणं, ठरलेल्या क्रमाचा आधार वाटणं, अशी कारणं त्यामागे असू शकतात. काहींना जाड होण्याची भीतीही असते, काहींना मुळीच नसते. वजनाची चिंता नसताना खाणं टाळण्याच्या आजाराला २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत 'आर्फिड' हे वेगळं नावही मिळालं.

नातीचं वजन वाढवणं थांबवता येणार नव्हतं, उपाशी शरीर थांबत नाही. पण पद्धत बदलली. गलबल्याच्या जेवणघराऐवजी शांत खोली. आठवड्याचं जेवण आधी कागदावर लिहून दिलेलं. भूक कळत नाही, म्हणून घड्याळाचा गजर. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही वेगळ्या वाटीत. हळूहळू वजन चढतंय. मधेच घसरतंही. अजून बरीच वाट चालायची आहे.

परवा ती माझ्याकडे जेवायला होती. वरण मी वेगळ्या वाटीत वाढलं. भात खाल्ला, वाटीतलं वरण तसंच राहिलं. जुना नियम अगदी ओठांवर आला होता.. मी वाटी उचलून आत नेली.

शाळेतली ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली असेल. ती स्वमग्न होती की नाही, हे मी कोण सांगणार? पण कधी भेटलीच तर विचारायचं आहे, "त्या भाजीचा तुला काय त्रास व्हायचा गं?"

तेव्हा सुट्टीभर समोर बसले होते, पण एवढं विचारायचं राहूनच गेलं.