तांडीचा संगम

तांडीच्या पेट्रोल पंपावर फलक होता, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. हे टाकी काठोकाठ भरून घेत होते, वर दोन कॅन. सप्टेंबर २०१९. मनालीहून पहाटे निघून ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड ओलांडली होती. पुढच्याच वर्षी अटल बोगदा सुरू झाला. आता नऊ किलोमीटरांत डोंगर पार होतो. मला खिंडच आवडते. हिरवे देवदार मागे राहतात आणि उघडे, तांबूस डोंगर समोर येतात, ते बोगद्यात कसं दिसणार?

पंपावरच्या मुलानं खाली बोट दाखवलं. ही चंद्रा, ती भागा. इथून पुढे चंद्रभागा, आणखी खाली चिनाब.

"अहो, चंद्रभागा!"

"ऐकलं मी," हे म्हणाले, आणि त्यांनी गाडी कडेला लावली.

आमचं गाव भीमेकाठचं, पंढरपूरच्या वरच्या अंगाला. आमच्या घाटावरून गेलेलंच पाणी पंढरपुरात चंद्रकोरीसारखं वळतं, म्हणून तिथं ती चंद्रभागा. लहानपणी मी आजीला विचारायचे, आपल्याच नदीत बुडी मारायला एवढ्या लांब कशाला जायचं? "इथं ती सासरी आहे गं," आजी म्हणायची, "तिथं माहेराला येते." वाळवंटात आजी पदर खोचून ऐसपैस बसायची, चुरमुऱ्यांची पुडी सोडायची, अनोळखी बायकांशी मोठ्यानं हसायची. घरी मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नाही. एकदा पुंडलिकाच्या देवळापाशी एका म्हातारीनं कुणाला तरी हाक मारली आणि आजी गर्रकन वळली. नाव भलतंच होतं. "माझंच ते," आजी म्हणाली, "लग्नाआधीचं." आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून जुन्या नावानं तिला सासरी कुणी हाक मारली नव्हती. त्या दोघी दिवेलागणीपर्यंत हातात हात घेऊन बोलत बसल्या. मी आजीच्या मांडीवर झोपून गेले. सकाळी उठले तेव्हा ते नाव विसरले होते.

चंद्रा आणि भागा, दोन्ही बारालाचा खिंडीजवळ उगम पावतात, जवळजवळ ४,९०० मीटरवर. तिथून एक इकडे जाते, एक तिकडे, आणि डोंगराला वळसा घालून तांडीला भेटतात. लाहौलमध्ये सांगतात, चंद्रा ही चंद्राची लेक, भागा सूर्याचा मुलगा, आणि भेटायचं ठरवूनच दोघं निघाले. भेटल्यावर नाव दोघांचंही राहिलं. मला याचं फार अप्रूप वाटलं.

माझ्या लग्नातही तांदळाचं ताट आलं होतं. ह्यांनी त्यात माझं मूळचंच नाव लिहिलं. सासूबाई दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी केलाँगला मुक्कामाला पोचल्यावर मी थोरल्या आत्याला फोन लावला. आपल्या आईचं माहेरचं नाव तिलाही सांगता आलं नाही.