चांगले आलेत की!

कादंबऱ्या लिहून माणसाला मिळते काय, हा प्रश्न आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मला वरचेवर विचारला जातो. गेल्या दिवाळीपासून माझ्याजवळ त्याचे उत्तर आहे. कॅमेरा मिळतो! प्रकाशकांनी मानधनाची रक्कम चक्क एकरकमी धाडली आणि मी घरात कुणालाही न विचारता मुंबईला जाऊन नवा कोरा डिजिटल कॅमेरा घेऊन आलो. येताना विरार गाडीत तो पोटाशी धरून उभा होतो. वसईला उतरलो तेव्हा माझ्या सदऱ्याची दोन बटणे जागेवर नव्हती, पण कॅमेऱ्याच्या खोक्याचा कोपरासुद्धा चेपला नव्हता.

ही चैन करण्यामागे एक कारण होते. आमच्या घरात वडिलांचा धड असा एकही फोटो नाही. आहे तो त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांचा, सर्वांचा मिळून काढलेला. त्यात नेमक्या क्षणी त्यांनी मान वळवली, बहुधा पलीकडे दंगा करणाऱ्या एखाद्या पोराकडे बघायला. त्यामुळे चेहऱ्याच्या जागी एक करडा फराटा उमटला आहे. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी आम्ही त्या फराट्याला हार घालतो. आई शहात्तर वर्षांची झाली. तिच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते.

नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून मी आईच्या मागे लागलो. ती पणत्या लावते आहे, नातवाला तेल-उटणे लावते आहे, ओटीवर बसून झेंडूची तोरणे ओवते आहे (सुईत दोरा मात्र नातीकडून ओवून घेते आहे), असे दोन दिवसांत दीड-दोनशे फोटो काढले. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. मी तेवढ्या वेळात वीस चित्रे काढीत होतो.

भाऊबिजेला सारी मंडळी संगणकाभोवती जमली. पहिला फोटो उघडला आणि माझा चेहरा पडला. दुसरा उघडला, तिसरा उघडला. प्रत्येक फोटोवर जणू दुधाची साय धरलेली! आईचा चेहरा आहे, पण डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात, ते कळायला मार्ग नाही. सौभाग्यवतींनी मौन पाळले. एवढ्या पैशांत काय काय आले असते, याचा हिशेब त्या मौनात होता. आई तेवढी पडद्याजवळ वाकून म्हणाली, "चांगले आलेत की!"

आईच ती. लेकाच्या कुठल्या कामाला तिने आजवर नाव ठेवले आहे?

दुसऱ्याच दिवशी मी तावातावाने दुकान गाठले. दुकानदाराने शांतपणे माझ्याच कॅमेऱ्याने समोरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि मला दाखवला. त्यात एकादशीची बारीक अक्षरेदेखील वाचता येत होती. मी निमूटपणे परतीची गाडी धरली.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. तो नालासोपाऱ्यात लग्नाचे फोटो काढतो. विज्ञानात तो दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा पेपर मीच तपासले होते. तो म्हणाला, "सर, आधी रोग कोणता ते ठरवू. औषध मग."

त्याने माझ्या फोटोंतून चार निवडून काढले. पहिल्यात पणतीची ज्योत, दाराची चौकट, आई, सारे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत होते. "हा तुमचा हात हलला. अंधारात कॅमेऱ्याने झडप १/८ सेकंद उघडी ठेवली. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. भिंग ५५ मिलिमीटरवर असेल तर वेग निदान १/८० ठेवा." दुसऱ्यात ओटीचा खांब रेखीव होता, पण आईची बोटे आणि चेहरा पुसल्यासारखा. "इथे आजी हलल्या. हाताची थरथर सावरायची सोय कॅमेऱ्यात आहे, पण ती तुमचा हात सावरते, आजींचा नाही. वेग १/२५० करा. प्रकाश कमी पडला तर आयएसओ वाढवा. फोटो थोडा रवाळ दिसेल, पण चेहरा तरी ओळखू येईल."

हे ऐकताना मला वडिलांचा तो फराटा आठवला. त्या बिचाऱ्या छायाचित्रकाराला मी लहानपणापासून दोष देत आलो होतो.

तिसऱ्या फोटोत आई धूसर होती, पण मागच्या तुळशीची पाने मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट होती. "कॅमेऱ्याला आई कोण आणि तुळस कोण ते कळत नाही, सर. हा तुमचा कॅमेरा मिळेल ते धरतो आहे. एकच बिंदू निवडा, तो आजींच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धे दाबून थांबा, मग पूर्ण दाबा." चौथ्यात सबंध चित्रावर झाक होती आणि प्रत्येक पणतीभोवती वलय होते. त्याने भिंग उजेडात तिरपे धरले. त्यावर अभ्यंगाच्या तेलाचा अंगठा उमटला होता. माझाच! आमच्या दमट हवेत भिंगाला बुरशीही लवकर धरते, तेव्हा डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, असे बजावून त्याने मऊ कापडाने तो अंगठा पुसला.

"पण डोळा लावून बघतानाच सगळे अंधुक दिसते, त्याचे काय?" माझी शेवटची तक्रार. त्याने डोळा लावायच्या खिडकीशेजारचे एक इवलेसे चाक फिरवले आणि समोरचे माडाचे झावळ लख्ख झाले. "हे तुमच्या चष्म्याच्या नंबरासाठी. याने फोटो बिघडत नाही आणि सुधारतही नाही. तुम्हाला अंधुक दिसणे वेगळे आणि फोटो अंधुक येणे वेगळे."

हे वाक्य मी त्या वेळी नुसते ऐकले.

पुढच्या रविवारी मी वसईच्या किल्ल्यात गेलो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली हा किल्ला घेतला, तेव्हापासून त्याचे दगड फारसे हललेले नाहीत. माझ्या परीक्षेला असाच स्थिर माणूस हवा होता! सेंट जोसेफ चर्चच्या पडक्या मनोऱ्यासमोर एका कट्ट्यावर कॅमेरा टेकवला आणि हात न लागता, दहा सेकंदांनी आपोआप निघणारा फोटो घेतला. घरी येऊन मोठा करून पाहिला. दगडांच्या फटींतले गवत दिसत होते. कॅमेरा निर्दोष सुटला आणि आरोपी म्हणून मी एकटाच उरलो.

मग एका सकाळी आईला पूर्वेच्या खिडकीपाशी बसवले. वेग १/२५०, बिंदू डाव्या डोळ्यावर, भिंग स्वच्छ. "अरे, किती वेळ बसवतोस? वाडीत वाल टिपायचे आहेत," असे ती म्हणत असतानाच बटण दाबले.

फोटो साधला होता. पडद्यावर मोठा केला तेव्हा पापणीचा केस न् केस वेगळा दिसला. आनंदाने मी आणखी मोठा केला आणि थांबलो. डाव्या डोळ्याच्या काळ्या बाहुलीत करडा-पांढरा ठिपका होता. भिंगावर डाग असेल म्हणून भिंग पुसले. पुन्हा फोटो काढला. ठिपका तिथेच!

"आई, तुला नीट दिसते ना गं?"

"दिसते की. थोडे धुके असते, एवढेच."

"केव्हापासून?"

"दोन वर्षे झाली असतील. वय झाले, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी कादंबरी चालली होती ना."

सुईत दोरा नात का ओवते, आई पडद्याजवळ वाकते का, ते सायीसारखे फोटो तिला चांगले का वाटले, हे सारे मला त्या एका क्षणात कळले. तिला सारे जग तसेच दिसत होते! आणि मी दोन महिने कॅमेऱ्याच्या डोळ्याला औषधपाणी करीत बसलो होतो.

डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नाही. गढुळलेले भिंग काढले आणि नवे कृत्रिम बसवले. या भिंगाची हकीकत मोठी विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरे तर पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे, कण घुसले होते. ते कण डोळा निमूटपणे सहन करतो, हे लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी हेरले आणि १९४९ साली तशाच प्लास्टिकचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डोळ्यात विमान आहे म्हण की!"

पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा काय केले असेल? घरभर फिरून कोळिष्टके काढली आणि सुनेला चार शब्द ऐकवले. संध्याकाळी संगणकापाशी येऊन बसली. "दाखव रे ते दिवाळीतले फोटो."

मी दाखवले. आईने एक पाहिला, दुसरा पाहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे काय रे? सगळे धुरकट! एवढे पैसे घालून असले फोटो काढलेस?"

उभ्या आयुष्यात आईने माझ्या कामाला ठेवलेले ते पहिले नाव. इतके गोड परीक्षण माझ्या एकाही कादंबरीवर आजवर आलेले नाही.